बकरीच्या मापाचा छातीपट्टा

बाजारातल्या त्या म्हाताऱ्या कारागिरावरचा माझा राग अजून गेलेला नाही. एवढ्याशा कुत्रीच्या पट्ट्यावरून माणूस इतकी वर्षं चिडून राहतो का, असं लोक विचारतात. मी राहतो.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट असेल. बालाघाटात माझी तांदळाची दलाली नुकती कुठे बसली होती. त्याआधी मी गिरणीत पोती वाहिली होती. पाठीवर दिवस काढलेल्या माणसाला समोरच्याने सांगितलेला भाव द्यायची लाज वाटते. मी कधीच दिला नाही.

कुत्री माझी नव्हती. तिरोडीच्या खाणीतला एक साहेब बदली होऊन जाताना आमच्याकडे टाकून गेला. हातभर लांब, कान लोंबते. बायको आधी म्हणाली, "हे काहून आणलं घरात?" आणि महिन्याभरात तिला ताटातलं भरवू लागली. आम्हाला मूलबाळ नव्हतं, यापुढे काही सांगत नाही.

गळ्यात पट्टा घालून चालवलं की कुत्री खोकायची. एकदा दारातच आडवी झाली, जीभ निळी पडली. ढोरांच्या डॉक्टरने बजावलं, गळ्याला काही बांधू नका, पुन्हा श्वास अडकला तर उठणार नाही. छातीवरून पट्टा घ्या. कुठून घ्या, ते काही त्याने सांगितलं नाही. मोकळी सोडावी तर दारावरून दिवसभर धानाच्या गाड्या आणि ट्रक.

टांग्याच्या घोड्यांचा साज शिवणारा म्हातारा मला माहीत होता. पण साहेबी कुत्रीचा पट्टा म्हटलं की तो दुप्पट मागणार, हेही माहीत होतं. म्हणून मी सुतळीने कुत्रीची छाती आणि पोट मापलं, गाठी मारल्या आणि सुतळी त्याच्यापुढे टाकून म्हणालो, "बकरीची पाट आहे, अजून व्यायली नाही. तिले छातीपट्टा पाहिजे."

"बकरीले छातीपट्टा?"

"गळ्याच्या दोरानं फास बसते तिले. शिवून देता का नाही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं. अर्धा तास घासाघीस करून मी भाव पाडला आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

पट्टा सुबक होता, हे कबूल करतो. पोटाकडे थोडा ढिला वाटला, पण मला वाटलं, बरं आहे, कुठे काचणार नाही. दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातात दिला. रेल्वे फाटकापाशी इंजिनाने शिट्टी मारली. कुत्री घाबरून मागे सरकली, डोकं खाली घातलं आणि पट्ट्यातून अख्खी निघून रुळांकडे पळाली. बायकोच्या हातात रिकामा पट्टा. तो तसाच धरून ती रुळांकडे धावली, मी तिच्यामागे.

दोन तास शोधली. मालधक्क्यावर पोत्यांच्या थप्पीमागे थरथरत बसलेली सापडली. तिला तशीच काखेत मारून मी म्हाताऱ्याच्या दुकानात गेलो आणि पट्टा त्याच्या अंगावर फेकला.

"हे काम आहे का तुमचं? मरत होती आज!"

म्हातारा कुत्रीकडे पाहत राहिला. दुकानापुढे टांगेवाले बसले होते. त्यातला एक म्हणाला, "सेठ, आपकी बकरी दूध कितना देती है?" सगळे खदखदून हसले.

म्हातारा मात्र हसला नाही. म्हणाला, "बकरी चरून आली का पोट फुगते तिचं. म्हणून चार बोटं ढिल ठेवली म्या. अन् बकरी ओढते पुढं. कुत्रं भेलं का मागं जाते. मले खरं काहून नाही सांगतलं?"

"तुमी दाम वाढवले असते म्हणून!"

"हौ, वाढवले असते. दोन पट्टे जास्तीचे लागते याले. जीवावर तर नसतं बेतलं ना."

चारचौघांत. माझ्या तोंडावर. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो ऐकत होता आणि हाताने काम करत होता. कुत्रीला फळीवर उभं केलं, पोटाचा पट्टा कापून पुढच्या पायांच्या मागे आणला, छातीवरून आणखी दोन पट्ट्या घेतल्या. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली. मग तिला पुढून ओढलं. ती मागे रेटत राहिली, पण निघाली नाही. खोकलीही नाही. त्याने पूर्ण दाम सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने सांगितला तेवढा दाम मी मोजला, आणि तो रागही त्याच्याच नावावर आहे.

संध्याकाळी बायको कुत्रीला घेऊन वैनगंगेच्या घाटाकडे निघाली. फाटक ओलांडताना मालगाडी धडधडत गेली. कुत्री मागे खेचली, छातीवर पट्टा ताणला, आणि ती तिथेच अंग झटकून पुन्हा चालू लागली.

"आण माझ्याकडं," मी म्हणालो.

"राहू द्या. मीच धरते," बायको म्हणाली, आणि पट्ट्याच्या दोरीचा आणखी एक वेढा तिने मनगटाला घेतला. घाटापर्यंत मी तिच्या मागून चालत गेलो.