गोळ्या देऊन घरी पाठवलेला माणूस

योम मानशिक जोंगसॉनच्या खोऱ्यात गावोगावची बस चालवायचा. नदीच्या कडेनं वर चढत जाणाऱ्या त्या रस्त्यावर प्रवासी म्हणजे बहुतेक म्हाताऱ्याच. बाजाराच्या दिवशी त्या रानभाजीची गाठोडी घेऊन उभ्या असायच्या आणि मानशिक खाली उतरून एकेकीचं गाठोडं वर चढवून द्यायचा. बोलण्यात मात्र भारी कंजूष. "याच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली बायकोकडे," असं त्या त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या.

साठी जवळ आली तसं जेवल्यावर त्याचं पोट दगडासारखं जड व्हायला लागलं. दुखत नव्हतं, फक्त दोन घास कमी जायचे. तो कुणाला बोलला नाही. पण ओक्बुनच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, नजरेतून पातेल्यात उरलेला भात सुटणं शक्य नव्हतं.

"अहो, दोन वर्षांनी एकदा येणाऱ्या सरकारी तपासणीचं यंदा तुमचं वर्ष आहे," ती म्हणाली. "गुपचूप जाताय, की मी बसमध्ये चढून सगळ्या आज्यांसमोर सांगू?"

तो गेला. पोटात दुर्बीण घातली तेव्हा अस्तरावर एक फिकट चट्टा दिसला, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला वोन्जूच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथं डॉक्टर मेंग नावाच्या बाई होत्या. वयानं त्याच्या मुलीसारख्या, पण बोलणं सरळ. त्यांनी चट्ट्याचे तुकडे काढून तपासायला दिले. नुसती सूज आहे, असा रिपोर्ट आला. ओक्बुननं तिथंच हात जोडले. डॉक्टर मात्र फोटोकडेच बघत राहिल्या.

"रिपोर्ट चांगला आहे, पण माझं समाधान होत नाहीये," त्या म्हणाल्या. "सूज अशी दिसत नाही. आणखी खोलवरचे तुकडे घेऊ या."

दुसऱ्या खेपेला निघालं ते वेगळंच. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"हा कॅन्सरच आहे. पण आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो तो पोटाचा कॅन्सर नव्हे. हा क्वचित दिसतो. तुमच्या पोटात एक जंतू आहे. त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी अस्तरात गोळा झाल्या, आणि आता त्या परत जायचं नाव घेत नाहीत, वाढतच चालल्यात. बाकी शरीरात कुठं काही नाही, ते आपण तपासलंय. जंतू मारला की बहुतेक वेळा त्याही हळूहळू विरून जातात. ऑपरेशन नको. दोन आठवडे गोळ्या घ्यायच्या, आणि घरी जायचं."

मानशिकच्या कानात पहिलं वाक्य शिरलं आणि शेवटचं. मधलं सगळं वाहून गेलं.

कारण गोळ्या देऊन घरी पाठवणं म्हणजे काय, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ मानगिल थेबेकच्या कोळशाच्या खाणीत होता. त्याचं पोट उघडलं, आत कॅन्सर पसरलेला दिसला आणि तसंच पुन्हा शिवलं, तेव्हा डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून खरं सांगितलं होतं. आत जाऊन "दादा, अल्सर आहे, गोळ्यांनी बरा होईल," हे सांगायचं काम सगळ्यांनी मिळून मानशिकवर टाकलं. त्या काळी असंच करायचे. मानगिलनं मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि त्याच हिवाळ्यात तो गेला.

आता आपली पाळी, असं मानशिकनं गृहीतच धरलं. डॉक्टरांनी खरं काय ते ओक्बुनला सांगितलंय आणि ती लपवतेय, हेही त्यातच आलं.

गोळ्या त्यानं घेतल्या, कारण ओक्बुन पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. तोंडात सारखी तांब्याची भांडी चाटल्यासारखी चव. रोजची आंबवलेल्या कोबीची किमचीसुद्धा कडू लागायची, पोट बिघडायचं. पण त्याबद्दल चकार शब्द नाही. उलट सुट्टीच्या दिवशी तो छपरावर चढून पन्हळ दुरुस्त करायला लागला. मासेमारीचे गळ शेजाऱ्याला देऊन टाकले. एकदा ओक्बुनला मागच्या खोलीत नेऊन घर गरम ठेवणारा बॉयलर कसा चालू करायचा, कसा बंद करायचा, हे दाखवायला लागला.

"हे मला कशाला शिकवताय? मी काय उद्यापासून बस चालवायला जाणार आहे?"

"माहीत असलेलं बरं."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं म्हणून ती निघून गेली. तिच्या आवाजात कंप नव्हता, डोळे ओले नव्हते. किती छान लपवतेय, असं त्याला वाटलं आणि तिच्याबद्दल फार माया दाटून आली.

गोळ्या संपल्या त्याच आठवड्यात तो थेबेकला वहिनीकडे गेला. भाऊ गेल्यापासून वहिनी एकटीच होती. तिनं बटाटे किसायला घेतले, तव्यावर धिरडी टाकली. मानशिक भिंतीला टेकून बसला होता. एकाएकी तो म्हणाला, "वहिनी, दादाला मी खोटं सांगितलं. अल्सर म्हणून."

वहिनीनं धिरडं उलटलं. "त्यांना माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? खाणीतला माणूस, साथीदारांना जाताना बघितलेलं. तुम्ही बाहेर गेलात तसं मला म्हणाले, 'मानशिकला खोटं बोलता येत नाही, बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस.' तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून शेवटपर्यंत अल्सर अल्सर करत राहिले."

वहिनीनं धिरड्याची ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग त्यानं सगळं सांगितलं: वोन्जू, चट्टा, गोळ्या, बॉयलर.

"भावोजी, तुमच्याशी कोणी खोटं बोलतंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग विचारलंत?"

"नाही."

"तुमच्या दादांना विचारायचं नव्हतं, म्हणून त्यांनी नाही विचारलं. तुमचा जीव तर विचारण्यासाठी तळमळतोय. खा आणि सरळ वोन्जूची गाडी धरा. माझ्याकडे रडून मला काय रिपोर्ट वाचता येणार आहे?"

तो खरंच गेला. वेळ घेतलेली नव्हती, त्यामुळे बाकावर ताटकळावं लागलं. आत गेल्यावर त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "डॉक्टरबाई, मी किती दिवसांचा सोबती आहे ते सांगा. मला कळलंय हे बायकोला कळू देणार नाही."

डॉक्टर मेंगनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, पडद्यावर फोटो लावले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी मधलंही त्याच्या कानात शिरलं.

"गोळ्यांनी नाही गेला तर किरणांचा उपचार आहे," त्या म्हणाल्या. "तशी वेळ आली तर तेही तुम्हालाच आधी सांगेन. लपवायचं असतं तर मी दुसऱ्यांदा तुकडे घेतले असते का? आणि बायकोला तपासणीला आणा, हा जंतू एकाचा दुसऱ्याला लागतो. एकाच पातेल्यात दोघांचे चमचे फिरतात ना?"

घरी येऊन त्यानं ओक्बुनला सगळं सांगितलं. तिनं आधी कांद्याची पात कापायची थांबवली, मग हसायला लागली, मग खाली बसून रडली. "म्हणजे त्या बॉयलरपाशी तुम्ही माझा निरोप घेत होतात? गळ देऊन टाकलेत! आता काय हातानं मासे धरणार?" तिच्याही पोटात तो जंतू सापडला. गोळ्या खाताना ती त्याच्यापेक्षा दसपट कुरकुरली.

पिशवीत फुंकर मारायला लावून श्वास तपासला, तेव्हा मानशिकचा जंतू गेल्याचं कळलं. चट्टा मात्र होता तिथंच होता. "वेळ लागतो, वाट बघू," डॉक्टर म्हणाल्या. ते दिवस सोपे नव्हते. तो बस चालवत राहिला, आणि मागच्या सीटवरच्या आज्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, कॅन्सर आहे, वाट बघतोय. मागून एक आजी म्हणाली, "मग जरा हळू हाक ना, आम्हालाही तुझ्याबरोबर नेतोस की काय?"

रानभाजीचे दिवस गेले, मक्याचे गेले, डोंगर तांबडे झाले. चट्टा आधी आक्रसला. बर्फ पडायच्या सुमाराला दुर्बिणीत तो कुठंच सापडला नाही, आणि तुकड्यांतही काही निघालं नाही. डॉक्टर मेंगनी दर वर्षी येत राहा असं बजावलं.

त्या संध्याकाळी ओक्बुननं डोंगरी भाजी घालून भात शिजवला. मानशिकनं भांडं पुसून खाल्लं आणि वहिनीला फोन लावला. बोलण्यात कंजूष माणूस, पण फोन बराच वेळ चालला होता.