बेळगाव येईपर्यंत

गोमाजीच्या रागाला औषध नव्हतं, आणि त्याला ते नकोही होतं.

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत नाचणी पिकवणारा हा माणूस. अंगानं आडदांड, बोलायला कंजूष. वाडीत कुणी अडलं-पडलं की डोलीला पुढचा खांदा गोमाजीचाच. आणि आमच्याकडची रीत अशी, की चाल पुढच्यानं ठरवायची. तो म्हणेल तेव्हा डोली टेकायची, तो म्हणेल तेव्हा उचलायची. मागच्यानं तोंड उघडायचं नाही.

एका पावसाळ्यात त्याची बायको रखमा बाळंतपणात अडली. गोमाजी डोली घेऊन पोलादपूरच्या दवाखान्याकडं चिखलातून धावत सुटला. ती सारखी विचारायची, "पोलादपूर आलं का?" हा म्हणायचा, "आलंच." खिंडीतल्या ऐनाच्या झाडाखाली तिचं विचारणं थांबलं.

त्यानंतरच्या शिमग्याला चुलतभाऊ कुशाबा मुंबईहून आला. सांताक्रूझच्या विमानतळावर सामान चढवायचा, पण ऐट अशी, जसा काही विमान हाच उडवतो! पालखीपुढं सगळी वाडी बसलेली. हा म्हणाला, "मुंबई ते बेळगाव अडीचशे मैल. दीड तासात खलास! आपल्या वाडीवरनंच जातंय, हितनं पुढं तासभर. आणि आमचा गोमादादा! बायकोला पोलादपूरपर्यंत न्यायला नाय जमलं. तेवढ्यात आमचं विमान जाऊन परत आलं असतं."

लोक हसले. मेल्यांनो, हसण्यासारखं काय होतं त्यात? गोमाजी उठून घरी गेला. वर्षभर त्यानं ते बोलणं निखाऱ्यासारखं राखेखाली जपलं.

पुढच्या शिमग्याला कुशाबा बांधावरून घसरला आणि त्याच्या पायाची नळी मोडली. त्याची आई बयाबाई रडत गोमाजीच्या दारात आली. "चल काकी, नेतो त्याला," गोमाजी म्हणाला. बरं वाटलं त्याला, खोटं कशाला सांगू!

खिंडीपर्यंत तो मुद्दाम रमतगमत चालला. प्रत्येक हिसक्याला कुशाबा कळवळत होता. ऐनाखाली आले आणि आभाळात घरघर झाली. विमान दक्षिणेकडं चाललं होतं.

"टेकवा," गोमाजी म्हणाला.

मागच्या खांद्याला भागोजी होता. रीत ती रीत, त्यानं टेकवली.

गोमाजीनं बिडी पेटवली. "तुझं विमान चाललंय, कुशाबा. हाक मार, उतरंल खाली."

"दादा, मरतोय रे मी!"

"पाय मोडून कोण मरत नाय. हितनं बेळगाव तासभर, तूच बोललास ना? ते तिकडं उतरू दे, मग उचलू."

कुशाबानं शिव्या दिल्या, आईची शपथ घातली, शेवटी हात जोडले. "चुकलं, दादा." चुकलं म्हणे! हसवताना सगळी वाडी पाहिजे, आणि माफी मागायची ती रानात, एकट्यापाशी? गोमाजी ढिम्म हलला नाही, बिडीवर बिडी ओढत राहिला. सावली सरकली, ऊन कुशाबाच्या तोंडावर आलं. भागोजी पाठ फिरवून बसला.

हळूहळू कुशाबाचा आवाज बसला. डोळे मिटूनच तो पुटपुटला, "दादा, आलं का रे बेळगाव?"

याच ऐनाखाली, अशाच बारीक आवाजात गोमाजीनं हे ऐकलं होतं.

"आलंच," त्याच्या तोंडून निघून गेलं. त्यानं बिडी फेकली. "उचल रे, भागोजी!"

मग तो पोलादपूरपर्यंत कुठंच थांबला नाही. धावता धावता रडत होता आणि कुशाबाला आईबहिणीवरून शिव्या घालत होता. सूडसुद्धा धड घेऊ दिला नाही मेल्यानं.