बांधावर काढलेली चप्पल

"काकू, तुमच्या पोटात चाळीस वर्षांपासून कुणीतरी राहतंय," असं म्हणून डॉक्टरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यात दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं. माझ्याच स्टूल टेस्टमध्ये सापडलेली अळी होती ती. किळस यायला हवी होती, पण आली नाही. मी नुसती बघत राहिले.

माझं शहरात, गुलमंडीच्या बाजारात ब्लाउज पीसचं दुकान आहे. बोलण्यावरच पोट, म्हणून सगळं सांगून टाकते. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

मला संधिवात झाला. कात्री धरवेना, तेव्हा स्टेरॉइड सुरू झालं. संधिवातात शरीराची लढायची ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. हे औषध ती ताकद दाबून ठेवतं. मला लई आराम पडला.

चार महिन्यांनी पोट बिघडलं. उलट्या, जुलाब, खोकला. मांडीवर लाल रेघ उठायची आणि दुपारपर्यंत वीतभर पुढं सरकायची. घरात कुणाला खरं वाटेना. शेवटी ॲडमिट केलं. एंडोस्कोपी झाली, सीटी स्कॅन झाला, फुप्फुसातही डाग निघाले. आठव्या दिवशी ऑक्सिजन लावला. पडद्यामागं आमचे मिस्टर पुण्याच्या लेकीला फोनवर सांगत होते, लगेच निघ म्हणून. तेव्हा कळलं, मी मरू शकते. मला लई भीती वाटली.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, मातीत अनवाणी चालता का? मी जरा रागानंच नाही म्हणाले. गुलमंडीतली बाई अनवाणी कशाला फिरेल?

नवव्या दिवशी माहेरच्या गावाहून, देवगाव रंगारीहून माझा थोरला भाऊ आला. दादानं सवयीप्रमाणं वॉर्डच्या दाराशी चप्पल काढली. डॉक्टर राऊंडला होत्या. त्याच्या भेगाळलेल्या पायांकडं बघत त्यांनी विचारलं, काका, शेतातही चप्पल घालत नाही का?

"शेतात चप्पल घालून जातं का कुणी म्याडम? काळी आई हाय ती. बांधावर काढायची अन् मंग आत जायचं. हिनं बी लग्न होईस्तोवर तेच केलं."

डॉक्टर माझ्याकडं वळल्या. मी खोटं बोलले नव्हते हो. शेतात तसं जाण्याला आमच्याकडं अनवाणी म्हणतच नाहीत.

त्याच दिवशी जंतासाठी वेगळी तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. या जंताचं नाव स्ट्राँगिलॉइडिस. तो मातीतून तळपायात शिरतो. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळला की आतड्यात. तिथंच पिल्लं, आणि त्यातली काही आतड्यातूनच पुन्हा रक्तात, त्याच वाटेनं. माझं लग्न झालं, लेक झाली, दुकान उभं राहिलं, आणि आत हा फेरा चालूच. शरीर त्याला गपगुमान आवरून धरत होतं. स्टेरॉइडनं शरीराचे हात बांधले आणि त्याला रान मोकळं मिळालं. मांडीवरची ती रेघ म्हणजे कातडीखालून सरकणारी अळीच. मला त्या अळीचं नवल वाटलंच, पण माझ्या शरीराचं जास्त वाटलं. चाळीस वर्षं राखण केली आणि मला पत्ताही लागू दिला नाही.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या सुरू झाल्या, स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. मनानं एकदम बंद करायचं नसतं, हेही लक्षात ठेवा. तीन आठवड्यांनी घरी आले. स्टेरॉइड सुरू होण्याआधी डॉक्टरांना आपली माती सांगा. लहानपणचीसुद्धा.

दादाचीही तपासणी झाली. त्यालाही जंत निघाले, त्यानंही गोळ्या घेतल्या.

परवा शेतावर गेले. दादानं बांधावर पिशवीतून गमबुटांचे दोन जोड काढले, एक माझ्यासाठी. स्वतःचा घालताना माझ्याकडं बघेना. मी बूट चढवले, पण पाऊल उचलेना. शेवटी वाकून जमिनीला नमस्कार केला.

"माफ कर आई," दादा म्हणाला, आणि आम्ही दोघं आत गेलो.