चाकण रस्त्यावर सापडलेली काळी चार

आठवडाभर मी सासूबाईंच्या मागे लागले होते, सुनंदाताईचं नाटक आहे, चला की! त्यांचं एकच पालुपद. "तू जा. मला नाही ऐकवणार."

सुनंदाताई म्हणजे माझी थोरली नणंद, मोशीला असते. तिला गाणं शिकवलं सासूबाईंनीच. काळी चारमध्ये काय खणखणीत गायची! गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज काळी तीनवर उतरला. पेटी न वाजवणाऱ्यांना सांगते, या पेटीच्या शेजारशेजारच्या काळ्या पट्ट्या, दोन सुरांत अंतर फार नाही, पण गाणाऱ्याला तो अख्खा जिना असतो. आणि आता हीच बाई संगीत नाटकात नायिका! म्हटलं, काही झालं तरी जायचंच. शनिवारी पहाटे सांगलीहून एसटी पकडली.

स्वारगेटला उतरलात की थेट मेट्रोने पिंपरी गाठा. गारेगार प्रवास, रिक्षावाल्यांशी हुज्जत नाही. पुढे मोशीच्या बसला मात्र गर्दी असते, पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. ताईच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळी आम्ही आकुर्डीला तालमीला गेलो.

तिथला वाद्यवृंद बघून मी चाटच पडले. एका कोपऱ्यात पायांनी भाता मारायचा जुना ऑर्गन, त्यावर कंपनीतून रिटायर झालेले अण्णा. शेजारी जलतरंगाचे पाण्याने भरलेले बाऊल घेऊन कॉलेजातली ऋतुजा. आणि मधोमध, लाकडी घोड्याला सुतळीने टांगलेला टेम्पोचा ब्रेक ड्रम! नाटक एका लोहारणीचं. शेवटच्या पदाआधी सगळी वाद्यं थांबतात, ड्रमवर तीन टोले पडतात आणि त्या घुमणाऱ्या, नेमक्या काळी तीनच्या आवाजातून नायिका आपला सा उचलते. तालमीत ऐकलं आणि अंगावर काटा आला. कुठल्या देवळातली घंटा इतकी गोड वाजत असेल, मला नाही वाटत.

ड्रम वाजवणारे दत्ताभाऊ मूळचे मोशीचेच. चाकणच्या कंपनीत नव्या गाड्यांमधली खडखड शोधून बंद करायचं त्यांचं काम. "दिवसभर आवाज बंद करायचा आन् सांजच्याला काढायचा, असं हाय आमचं," म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

परतताना ताई म्हणाली, "मीनल, उद्या आवाज चिरकला ना, तर गाणं बंद. परत तोंड उघडायची नाही मी."

रविवारी सकाळी घोटाळा झाला. टोला मारला की ड्रम हलायचा, हे दत्ताभाऊंना खुपत होतं. सवयच ती! प्रयोगाच्या दिवशी तरी काम पक्कं दिसावं म्हणून त्यांनी तो मित्राकडून लोखंडी स्टँडला वेल्ड करून आणला. ड्रम बिडाचा, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचा. वेल्डिंगचा चटका बसला आणि केसाएवढा तडा गेला. टोला मारला तर नुसतं ठक्क! दत्ताभाऊंचं तोंड बघवेना.

"खुळखुळा व्हता, त्याचा दगड केला म्यां," एवढंच बोलले.

मग त्यांच्याच टेम्पोतून आम्ही तिघं चाकण रस्त्याला लागलो. गॅरेजं आणि भंगारची दुकानं, एकापुढे एक. (या रस्त्याला ट्रॅफिक बेक्कार असतं, पाणी आणि शेंगदाणे जवळ ठेवा.) दत्ताभाऊ बोल्टने ड्रम ठोकायचे, मी मोबाइलवर तानपुरा लावायचे, ताई सा लावून बघायची. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "ताई, घ्यायचाय का भजन करायचंय?"

कुठला बसका, कुठला बेसूर. शेवटी एका दुकानामागे चिखलात पडलेला ड्रम दत्ताभाऊंनी सुतळीने उचलून वाजवला आणि तो घुमतच राहिला. शुद्ध, गोल आवाज. मी मोबाइलवरचा तानपुरा त्याच्याशी जुळवून पाहिला. काळी चार.

फोनवर अण्णा ओरडलेच, "नको! ड्रमशिवाय करू. जलतरंगातलं पाणी कमी करता येतं, ऑर्गनवर मी पट्टी बदलीन, पण तिच्या गळ्याचं काय?"

ताई त्या ड्रमवर हात ठेवून उभी होती. तिने फोन माझ्याकडून घेतला. "अण्णा, लोखंड काही खाली यायचं नाही. मीच वर जाते."

"व्हय ताई?" दत्ताभाऊंचे डोळे भरून आले.

संध्याकाळी चिंचवडचं नाट्यगृह निम्म्याहून जास्त भरलं होतं. बरेच जण फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले. बाकीची पदं ताई काळी तीनमध्ये सांभाळून गायली. मग शेवटचं पद आलं. विंगेत ऋतुजा चमच्याने बाऊलमधलं पाणी काढत होती, मी पहिल्या रांगेत कडेला खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तीन टोले पडले. ताईने सा लावला. पहिली ओळ थरथरली आणि मी देवाचं नाव घेतलं. दुसरी स्थिर झाली. अंतऱ्यात तिने वरचा षड्ज असा लावला की अण्णांचे पायच थांबले. भात्यातली हवा संपली, ऑर्गन विरून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ड्रमचा आवाज घुमत होता आणि ताई गात होती. मी ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली!

सोमवारी सांगलीला पोचले तेव्हा अंग मोडून आलं होतं, पण मन भरलेलं होतं. नाटकाची गाणी आजवर खूप ऐकली, पण वाद्याने माणसाला हात धरून जिना चढवलेला पहिल्यांदाच पाहिला. सासूबाई भाजी निवडत होत्या. ताईने पाठवलेलं त्या पदाचं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर लावलं. तीन टोले झाले, ताईचा सा लागला, आणि त्यांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. त्यांनी डोळे मिटले ते पद संपेपर्यंत उघडलेच नाहीत.

"काळी चार आहे ही," त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले. मग एकदम माझ्यावरच खेकसल्या, "बघत काय बसलीस? पुढच्या प्रयोगाला माझं तिकीट काढ. आणि एसटीत खिडकी हवी हो मला!"