खिशातली डबी

ऑडिओमेट्री झाली आणि डॉक्टर म्हणाले, "दोन्ही कानांना सेन्सरीन्यूरल लॉस आहे." म्हणजे आतल्या कानाची नस काम करत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. यंत्र लावायचं.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी यंत्रं दाखवली. पॉकेट मॉडेल म्हणजे खिशात डबी आणि कानापर्यंत वायर. बीटीई कानामागे बसतं. सीआयसी कानाच्या नळीत जातं, बाहेरून दिसत नाही. बाई म्हणाल्या, "तुमचा लॉस जास्त आहे. आतलं यंत्र कमी पडेल. आवाज वाढवला की फीडबॅक येईल, म्हणजे शिट्टी वाजेल. डबी दिसायला बरी नाही, पण कुणी हळू बोललं तर त्याच्या तोंडाशी धरता येते."

डबी वापरून पाहायला दिली.

त्याच आठवड्यात मुलीला पाहायला सिल्लोडचे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी मेहुणा आला.

"दाजी, पोरीच्या बापाच्या छातीवर वायर? बहिरेपण घराण्यातच हाय म्हणतील लोक. आतलं घ्या. दिसायचं नाय."

"दादा, ह्यांना ऐकायचंय," माझी बायको सुमन म्हणाली.

"तू गप, सुमे. सोयरीक मोडली की बसा म्हणावं ऐकत."

डबी खिशात होती, म्हणून हे सगळं मला स्वच्छ ऐकू आलं.

आतलं यंत्र घेतलं. सोयरीक जमली. लग्नात कुणाला यंत्र दिसलं नाही. मंगलाष्टकं संपल्याचं मला लोक टाळ्या वाजवू लागले तेव्हा कळलं.

पुढच्या हिवाळ्यात सुमनला न्यूमोनिया झाला. वॉर्डात तिचा आवाज श्वासाइतका उरला होता. मी कान तिच्या ओठांशी नेला की यंत्र शिट्टी वाजवी.

"काका, ते काढून ठेवा. बाजूचे पेशंट दचकतात," सिस्टर म्हणाल्या.

काढलं. सुमन बराच वेळ बोलत होती. मी ओठांकडे पाहत मान हलवत राहिलो. सकाळी ती गेली.

तेराव्याला मेहुण्यानं कानाशी येऊन मोठ्यानं विचारलं, "सुमी शेवटी काय म्हणली, दाजी?"

मी कानातलं यंत्र काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

ज्यांच्या हाती असा रिपोर्ट येईल त्यांना एवढंच सांगतो: यंत्र कानाला विचारून घ्या, पाहुण्यांना विचारून नको.

आता मी डबी वापरतो. वायर शर्टावर दिसते. कुकर, दाराची कडी, शेजारचा रेडिओ, सगळं ऐकू येतं. घरात बोलणारं कुणी नाही.