फोन स्वल्प बाहर पकडो

"फोन स्वल्प बाहर पकडो."

हे अक्कांचं वाक्य. स्वल्प म्हणजे जरासा. बेंगळुरात या कानडी शब्दावाचून कुणाचं पान हलत नाही, आणि अक्कांच्या हिंदीत तर तो मिठासारखा सगळ्यात पडायचा. हे वाक्य म्हणायच्या आधी त्या उठून खोलीची दोन्ही दारं लावायच्या, खिडकी ओढून घ्यायच्या, पंखा बंद करायच्या. मला हातानंच 'गप्प' अशी खूण. मग डोळे मिटून, फोन कानाला घट्ट लावून, समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी बेटावरच्या माणसाला सांगायच्या, फोन स्वल्प बाहर पकडो. माणूस नवा असला तर विचारायचा, क्यों? जुना असला तर निमूट दार उघडून हात बाहेर काढायचा. आणि अक्का ऐकत बसायच्या. नव्यानं बघणाऱ्याला वाटावं, बाई पूजेला बसल्यात.

त्यांचा धंदा सांगितला तर तुम्हाला खोटा वाटेल. मलाही वाटला होता. लोकांना लांबच्या बेटांवर राहायला शांत जागा शोधून द्यायची, बस्स. अंदमानातली लहान बेटं, लक्षद्वीप, कधी त्याहून लांबची. मोठी हॉटेलं नाहीत. कुणाच्या नारळाच्या बागेतल्या दोन खोल्या, कुणाचं किनाऱ्यावरचं घर. जयनगरातल्या त्यांच्या जुन्या बैठ्या घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. पाटी नाही. एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं दार वाजवायचं. फोटोंवर अक्कांचा काडीचा विश्वास नव्हता. "फोटोत सगळीच बेटं गप्प बसतात गं," म्हणायच्या. म्हणून फोन.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि नवऱ्याला बेंगळुरातल्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत लेथवर काम लागलं म्हणून आम्ही इकडे आलो. मी जे. पी. नगरात एका ऑफिसात फरशी पुसायला जायचे. एकदा जयनगरच्या बाजारात भाजी घेता घेता आईशी फोनवर बोलत होते. खरं सांगायचं तर रडत होते. मागून आवाज आला, "मराठी काय गं?"

वळून बघितलं तर पिशवीत शेवग्याच्या शेंगा घेतलेली, साठी ओलांडलेली एक बाई.

"अय्यो, रडतीस मराठीत आणि भाव करतीस हिंदीत! चल घरी, कॉफी पी."

त्यांची माणसं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरातली. घरात मराठी जपलेली, पण तिला कानडीचं अस्तर लागलेलं. कॉफी पिता पिता त्यांनी मला कामाचं विचारलं. मी घाबरून म्हणाले, "अक्का, मला इंग्रजी येत नाही."

"बेटावरच्या कोंबड्याला कुठं येतं?"

"मी शिकलेली नाही."

"हिंदी येती ना? कान धड आहेत ना? सरी."

त्या 'सरी'वर माझी नोकरी लागली. सरी म्हणजे ठीक. पण मला पुढं कित्येक महिने ठीक वाटलं नाही. मेट्रोनं पीण्याहून जयनगरला येताना रोज वाटायचं, आज अक्कांना कळणार की ही काही कामाची नाही. फोन वाजला की मी झाडू शोधायला उठायचे. अक्कांना ते दिसायचं. मग त्या पहिला फोन स्वतः घ्यायच्या, आणि तो लबाडीनं माझ्या हातात देऊन कॉफी करायला आत निघून जायच्या.

गिऱ्हाइकांशी त्या फटकळ होत्या. एकदा एक तरुण जोडपं आलं. त्यांना अगदी एकांत हवा होता, आणि खोलीत नेटही जोरात हवं होतं. अक्का म्हणाल्या, "म्हणजे उपास करायचा, पण जेवून." दोघं हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांना जेट्टीजवळची, बाजारातली खोली दिली. बायको नुकतीच गेलेले एक साहेब आले, तर त्यांना म्हणाल्या, "एवढी शांतता झेपंल काय तुम्हाला?" आणि त्यांनाही एकदम निर्जन जागा दिली नाही. शाळेशेजारचं घर दिलं. "दिवसा पोरांचा कल्ला असू दे. संध्याकाळी समुद्र आहेच."

कुणाला किती शांतता झेपते, हे त्यांना कुठून कळलं, ते मी एकदा विचारलं.

अक्कांच्या नवऱ्याचं पीण्यात छोटं वर्कशॉप होतं. पत्रा ठोकणारं प्रेस. घर त्याच्याच मागं, मध्ये एक भिंत. सकाळी प्रेस सुरू व्हायचं ते दिवेलागणीला थांबायचं. धाड, धाड, धाड. भांडी फळीवर नाचायची. नवरा-बायको खुणांनीच बोलायचे. मूल झालं नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा शेजारची वर्कशॉपं चालू होती. "दहावा झाला, तेरावा झाला, मला रडू काय ते आलंच नाही," अक्का म्हणाल्या. मग बहिणीनं ओढून अंदमानला नेलं. एका लहानशा बेटावर, एका बंगाली म्हाताऱ्याच्या घरात उतरल्या. दुपारी बहीण झोपली. अक्का ओसरीत बसल्या होत्या.

"कुणीतरी रडत होतं गं. मी इकडं तिकडं बघितलं. मग कळलं, मीच."

एवढं सांगून त्या उठल्या आणि कढीपत्ता निवडायला लागल्या. तिथून परत आल्यावर त्यांनी वर्कशॉप विकलं, जयनगरात राहायला आल्या आणि हा धंदा सुरू केला. त्या म्हाताऱ्याला आम्ही दादा म्हणायचो. तो अक्कांना दीदी म्हणायचा. त्याच्या बेटावर अक्का पुन्हा कधी गेल्या नाहीत, पण सोमवारी सकाळी, लाइन लागली तर, पहिला फोन त्याला. गिऱ्हाईक असो नसो. "दादा, फोन स्वल्प बाहर पकडो." ऐकून झालं की तोंड धुतल्यासारख्या दिसायच्या.

आता जे सांगायचं ते सांगते.

तक्रारी यायला लागल्या. आधी एक बँकेतले निवृत्त गृहस्थ, मग दोघी मैत्रिणी. कुठं दगड फोडायचं मशीन, कुठं खिडकीखाली जनरेटर. अक्का ताठ बसून म्हणायच्या, "मी स्वतः ऐकलंय. शांत आहे जागा." गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणायच्या, "लोकांचे कानच बिघडलेत." मीही मान हलवायचे. पण मला दिसत होतं. आताशा अक्कांना एकही जागा नापसंत पडत नव्हती. एकेक करत सगळीच बेटं शांत होत चालली होती.

एका दुपारी त्या एका नव्या माणसाशी बोलत होत्या. दारं बंद, पंखा बंद. त्यानं फोन बाहेर धरला, आणि टेबलाच्या या बाजूला बसून मला त्यातला जनरेटर ऐकू आला. धडधड, धडधड. अक्का डोळे मिटून हसत होत्या. "सरी," त्या म्हणाल्या, "छान आहे."

बोलावं तर अक्का दुखावतील. मला पुन्हा फरशी पुसायला जावं लागलं तर? न बोलावं तर सुट्टीचे चार दिवस घेऊन कुणीतरी त्या धडधडीशेजारी जाऊन पडणार, आणि अक्कांचं नाव जाणार. त्यांच्याकडं नावाशिवाय दुसरं होतं काय?

"अक्का, जनरेटर आहे तिथं."

"कुठं?"

"फोनमध्ये. आत्ता. मोठ्ठा."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. मग दुसऱ्या कानाला. मग हळूच खाली ठेवला. "तुझ्या कानात पीण्या शिरलंय," म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्या दिवशी मला कॉफी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही आमच्यात कामापुरतं बोलणं. मी मेट्रोत बसून मनातल्या मनात सामान आवरत होते.

तिसऱ्या दिवशी गेले तर अक्का दारातच उभ्या. रिक्षा थांबवलेली. "चल. कानाच्या डॉक्टरकडं जायचंय. तो हळू बोलला तर तू मला मोठ्यानं सांग."

डॉक्टरांनी सांगितलं ते मी मोठ्यानं सांगितलं. कानाच्या आतल्या बारीक नसा मेल्यात. इतकी वर्षं प्रेसच्या भिंतीला टेकून राहिल्यात ना, त्यानं. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलंही जात राहील. अक्कांनी विचारलं, "आणि ते आत वाजतंय ते?" मला ठाऊकच नव्हतं की आत काही वाजतंय. डॉक्टर म्हणाले, ते वाजत राहील.

येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "शांतता नाही गं मिळाली. बाहेरचं सगळं बंद झालं, आणि आत प्रेस चालूच."

कानात घालायचं मशीन आणलं. ते लावलं की कुकरच्या शिट्ट्या, हॉर्न, शेजारचं बांधकाम, सगळं एकदम अंगावर यायचं. "सगळं जयनगर येतं यात. बेट तेवढं येत नाही," म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं.

आणि फोन माझ्यापुढं सरकवला. "धर. ऐक. मला सांग."

मी ऐकलं. "शांत आहे, अक्का," मी मोठ्यानं म्हणाले.

"कुठली शांत?"

शांत म्हणजे शांत, मी म्हणाले. "अगं, तुमच्या गावाकडं दुपारी असती ती शांत, की घरात कुणी आजारी असल्यावर असती ती?" अक्का म्हणाल्या. मग मी पुन्हा कान लावला. हळूहळू यायला लागलं. वारा आहे पण नारळाच्या झावळ्या वाळलेल्या असाव्यात, कागदासारख्या वाजतायत. लांब कुणीतरी होडी ठोकतंय, पण थांबून थांबून. एक बाई कोंबड्यांना बोलावतेय. अक्का माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या, एकेक शब्द ओठांवरून उचलत. सातवीपर्यंत शाळेत माझं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. घरी नवरा हसायचा, "तुला आवाज ऐकायचा पगार मिळतो, मला आवाज करायचा."

सोमवारचा दादांचा फोनही आता मीच करायचे. एकदा ऐकता ऐकता मी म्हणाले, "जाऊ या की अक्का. मी येते सोबत. तिकीट काढू."

"काय करू जाऊन?"

"समुद्र बघाल. ओसरीत बसाल."

"बघायला गेले होते काय मी तेव्हा?" त्यांनी पदरानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "तिथं जाऊन बसले तरी मला प्रेसच ऐकू येणार. मग ते बेट पण जाईल हातचं. इथं बसून निदान वाटतं, तिथं शांत असंल."

मी तिकिटाचं पुन्हा बोलले नाही. नंतर एका सोमवारी दादांकडं फार वारा होता. ऐकायला काही नव्हतंच, नुसती घरघर. मी तेच सांगितलं. अक्का म्हणाल्या, "बरं केलंस. खोटं सांगितलं असतंस तर मला कळलं असतं." कसं कळलं असतं, ते विचारायचं राहून गेलं.

पावसाळ्यात अक्कांना साधा ताप आला, तो छातीत उतरला. दवाखान्यात त्या फार दिवस नव्हत्या. मी शेजारी बसले की माझ्याकडं बघून भुवया उचलायच्या: काय ऐकू येतंय? मी सांगायचे. ट्रॉलीचं एक चाक करकरतंय. नर्सबाई कुणावर तरी चिडलीय. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा घोरतायत. शेवटी शेवटी त्यांनी डोळे मिटले होते, तरी मी सांगत होते.

त्यांचा पुतण्या चांगला माणूस आहे. कार्य आटोपल्यावर मला म्हणाला, "अक्का, तुम्ही महिनाअखेरपर्यंत या, सगळ्यांना कळवा, मग किल्ली द्या." मला पहिल्यांदाच कुणी अक्का म्हणालं. घर बिल्डरकडं जाणार आहे. शेजारचं गेलंच होतं. तिथं दिवसभर ड्रिलिंग चालतं. माझं पुढं काय, ते अजून ठरलेलं नाही. नवरा म्हणतो, बघू. मीही म्हणते, बघू. रोज मेट्रोत तीच जुनी भीती असते, पण ती बघून फोन हातात देणारं कुणी नाही.

दादांना फोन मी सगळ्यांत शेवटी केला. दारं लावली, खिडकी ओढली, पंखा बंद केला. सवयच ती.

"दादा, दीदी नहीं रहीं."

पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला, कडीचा, ओळखीचा. त्यानं न सांगता फोन बाहेर धरला होता. मी ऐकत उभी राहिले. पाणी अगदी जवळ होतं, भरतीचं असावं. एक कुत्रं आळसावून भुंकलं आणि गप्प झालं. झावळ्या हलत नव्हत्या.

त्यानं फोन परत आत घेतला तेव्हा मला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं. इतकी वर्षं यानंच ऐकवलं. मी अक्कांच्या ऑफिसचं दार उघडलं आणि फोन बाहेर धरला.

शेजारी ड्रिल चाललं होतं. सिमेंटची गाडी मागं येत होती, तिची शिट्टी. दोन रिक्षा एकमेकींवर भोंगे वाजवत होत्या, आणि कोपऱ्यावर कुणीतरी लोखंडी सळया टाकत होतं. हात दुखेपर्यंत मी फोन तसाच धरला.

कानाला लावला तेव्हा दादा हळू आवाजात विचारत होता, "इतने शोर में रहती थीं दीदी?"