ऑप्शनला टाकलेला विषय

आमच्याकडं अभ्यासातला एखादा धडा सोडून द्यायचा असला की म्हणतात, ‘ऑप्शनला टाक.’ त्यामुळं नांदेडच्या इंजिनियरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षी ऑप्शनल विषयांची यादी लागली, तेव्हा वर्गातल्या पोरांनी तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ऑप्शनल म्हणजे सोडायचा, एवढंच त्यांना ठाऊक. मी मात्र यादीपुढून हलले नाही. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, काळ्या मातीतले पाये.

माझे बाबा मुखेडकडं गवंडी आहेत. आमची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची घरं दोन-चार वर्षांत कोपऱ्यातून फुटतात. शिव्या कुणाला? गवंड्याला! ‘तुझ्या बापानं सिमेंट खाल्लं,’ हे मी शाळेत असताना ऐकलंय. अरे, खाल्लं असतं तर आमचं स्वतःचं घर तरी धड राहिलं असतं. गावात सगळ्यात आधी तेच फुटलं. भिंत कशी वाचवायची ते शिकून बाबांना सांगायचं, एवढ्यासाठी मी सिव्हिल घेतलं होतं.

अर्ज भरताना क्लार्कनं सगळ्यांना एकाच सोप्या विषयावर खूण करायला लावली. मी चौथ्यावर केली. ‘पंधरा पोरं असल्याबिगर तो चालत न्हाई,’ तो म्हणाला. म्हटलं, आणते. मग कँटीन पालथं घातलं, लायब्ररी पालथी घातली. बिलोलीकडचा एक वर्गमित्र म्हणाला, ‘कशाला डोक्याला ताप करून राहिलीस? ऑप्शनला टाक की.’

‘तुझं घर कुठल्या मातीवर हाय रे?’ मी विचारलं.

त्यानं गुमान सही केली. पंधरा झाल्या.

गुरुवारी दुपारचा तास लागला. आम्ही पंधराजण जाऊन बसलो, शिकवायला कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारी सातजण होतो. दिवाळीनंतर मी एकटी. शिकवणारे सर तासिकेवर, म्हणजे तासागणिक पैशांवर होते, ते दुसरीकडं लागले होते आणि त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं हे कुणाच्या मनातच नव्हतं. मी विभागप्रमुखांकडं गेले. ते हसून म्हणाले, ‘अगं, मार्कांची काळजी करू नकोस. कुणालाच कमी पडणार नाहीत.’

मार्कांची काळजी कोणाला होती हो? चार वर्षं ज्याच्यासाठी घासली तो एक विषय, आणि तुम्ही मला मार्कांचं गाजर दाखवता? पण हे आज लिहितेय. तेव्हा ‘हो सर’ म्हणून बाहेर आले. पुढं जर्नल द्यायची वेळ आली, तेव्हा मातीला हातही न लावता मागच्या वर्षीच्या पोरांचे आकडे उतरवून काढले. विभागप्रमुखांचा राग येतो तेवढाच माझा मलाही येतो.

निकाल लागला. त्या विषयात पैकीच्या पैकी! बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

पंधरवड्यानं एक घरमालक दारात आला. दोन वर्षांपूर्वी बाबांनीच बांधलेली त्याची मागची भिंत फुटली होती. बरंच बोलला. बाबा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी तो म्हणाला, ‘आता पोरगी इंजिनियर झाली न्हवं? इचार तिला, काय करावं ते.’

बाबांनी मान वर केली. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. इतके खूश. ‘सांग माय,’ ते म्हणाले.

‘मला न्हाई येत, बाबा. ते आम्हाला शिकवलंच न्हाई.’

घरमालक फिस्सकन हसला. बाबा उठून आत गेले, माझं मार्कशीट घेऊन आले आणि त्या विषयाच्या ओळीवर बोट ठेवून त्याच्यापुढं धरलं. ‘हे बघा, पैकीच्या पैकी हायेत,’ ते म्हणाले. ‘तिला समदं येतंय. लाजून राहिली.’